आल्फ्रेड रेडफील्ड

आल्फ्रेड क्लॅरेन्स रेडफील्ड (जन्म : १५ नोव्हेंबर १८९०, फिलाडेल्फिया, मृत्यू : १७ मार्च १९८३, वुड्स होल) हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ व समुद्रवैज्ञानिक होते. सागरी प्लवकांमधील कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांचे सरासरी प्रमाण त्यांच्या नावावरून रेडफील्ड गुणोत्तर म्हणून ओळखले जाते.

जीवन

रेडफील्ड यांनी १९१७ साली हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली व पुढे तेथेच अध्यापन केले. सागरी प्राण्यांच्या रक्तातील हिमोसायनिन या ताम्रयुक्त प्रथिनावर त्यांनी आरंभी संशोधन केले. १९३० साली स्थापन झालेल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. १९४२ पासून ते तेथे सहसंचालक होते.

कार्य

रेडफील्ड यांनी १९३४ साली निरनिराळ्या महासागरांतील पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट व फॉस्फेट यांचे प्रमाण प्लवकांच्या घटनेशी ताडून पाहिले. दोन्ही प्रमाणे जवळजवळ सारखी आढळली. हे साम्य सजीवांनी पाण्याशी जुळवून घेतल्यामुळे आले, की सजीवांनीच पाणी घडवले, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. मृत प्लवक खोल जाऊन कुजतात व त्यांतील पोषकद्रव्ये त्याच प्रमाणात पाण्यात परततात. नायट्रोजन कमी पडल्यास काही सूक्ष्मजीव विरघळलेल्या नायट्रोजन वायूचे स्थिरीकरण करून ती उणीव भरून काढतात. फॉस्फरसला मात्र असा पर्याय नाही. म्हणून समुद्राच्या रसायनावर सजीवांचे नियंत्रण असते, असे त्यांनी १९५८ च्या लेखात प्रतिपादन केले. नायट्रोजन व फॉस्फरस यांचे आरंभीचे २०:१ हे प्रमाण सुधारित मोजमापांनंतर १६:१ झाले. कार्बनसह हे गुणोत्तर १०६:१६:१ असे लिहितात.

डायटम व सिलिका

डायटम (करंडक वनस्पती) हे सिलिकेचे कवच असणारे एकपेशीय शैवाल आहेत. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू अल्प असल्याने ते बायकार्बोनेटही शोषून घेतात आणि प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या विकराजवळ कार्बनचा साठा वाढवतात. नायट्रेट व फॉस्फेट यांखेरीज त्यांना सिलिसिक आम्ल लागते. ते संपले की नायट्रेट शिल्लक असूनही त्यांची वाढ खुंटते. १९८५ मधील मोजमापांवरून डायटमांसाठी सिलिकॉन व नायट्रोजन यांचे सरासरी प्रमाण सुमारे १५:१६ मानले जाते. जड कवचामुळे डायटम लवकर बुडतात व आपल्याबरोबर कार्बन खोल समुद्रात नेतात.

मर्यादा व महत्त्व

रेडफील्ड गुणोत्तर ही सरासरी आहे. जाती, प्रकाश व पोषकद्रव्यांची उपलब्धता यांनुसार ते बदलते. लोह कमी पडल्यास डायटमांमध्ये नायट्रोजनच्या तुलनेत सिलिका वाढते. तथापि समुद्रात कोणते पोषकद्रव्य अपुरे आहे व सजीव किती कार्बन खोलवर पोहोचवतात, याचा अंदाज बांधताना आजही याच गुणोत्तराचा आधार घेतला जातो.