मातीची पट्टी आणि ससूनमधली रात्र

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने महात्मा गांधींच्या अपेंडिक्सवर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वादळाने वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. रुग्ण येरवड्याचा राजकीय कैदी, सर्जन सरकारी नोकर! काही विपरीत घडले असते तर देशात काय उसळले असते याची दोघांनाही पुरती जाणीव होती. म्हणून श्रीनिवास शास्त्री यांच्याकरवी आधी एक निवेदन तयार करण्यात आले आणि डॉक्टरांवर आपला विश्वास असल्याचे सांगून गांधीजींनी त्यावर सही केली.

याच गृहस्थाने १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर आसूड ओढले होते, हे आठवले की गंमत वाटते. गांधीजींचे राजकारण आपण परीक्षेपुरते का होईना वाचतो. त्यांची मातीची पट्टी आणि कटिस्नान मात्र थोर माणसाचा छंद म्हणून बाजूला सारतो. मला तो छंद वाटत नाही. शरीर कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न त्यांनी जन्मभर स्वतःच्या आणि दुर्दैवाने कधीकधी आपल्या माणसांच्याही देहावर सोडवून पाहिला.

सुरुवात अगदी साध्या तक्रारींनी झाली. जोहान्सबर्गला वकिली करत असताना त्यांना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीचा त्रास होता. मँचेस्टरमध्ये सकाळची न्याहारी सोडणाऱ्यांचे एक मंडळ निघाल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनीही न्याहारी सोडली. डोकेदुखी थांबली, पण बद्धकोष्ठ राहिले. पुढे अॅडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचे पुस्तक हाती आले आणि ओल्या मातीची पट्टी पोटावर चढली ती कायमचीच. लुई कुन्हे यांचे कटिस्नानही त्यांनी जर्मनांकडूनच उचलले. आपल्याकडे निसर्गोपचार म्हणजे निखळ ऋषिमुनींची देणगी असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा जर्मन वारसा जरूर ध्यानात घ्यावा.

खरी कसोटी लागली १९०२ साली, मुंबईत. दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनियाची लक्षणे. डॉक्टर पारशी होते. औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचे सूप द्या, असे त्यांनी सांगितले. गांधीजींनी नकार दिला. मुलाचे मत विचारले, तर तोही बापाच्या बाजूने. पण दहा वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या पोराचे मत ते काय! मग कुन्हेंच्या पद्धतीने तीन-तीन मिनिटांची कटिस्नाने, आणि अन्न म्हणून पाणी घातलेला संत्र्याचा रस. ताप १०४ वर अडून राहिला. एका रात्री पिळून काढलेली ओली चादर मुलाभोवती गुंडाळून, वर कांबळी घालून गांधीजी चौपाटीवर गेले आणि रामनाम घेत फिरत राहिले. परतले तेव्हा मुलाला दरदरून घाम सुटला होता. ताप उतरू लागला. पुढे चाळीस दिवस त्याला पातळ दूध आणि फळांचा रस एवढाच आहार होता.

या प्रसंगातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नकार देतानाच गांधीजींनी त्या डॉक्टरांना विनंती केली होती की, मला नाडी आणि छाती तपासता येत नाही, तेव्हा आपण अधूनमधून येऊन मुलाला पाहून जा. त्या भल्या माणसानेही ते मान्य केले. निसर्गोपचाराला पूरक उपचार का म्हणावे, हे मला या विनंतीत सापडते. पथ्य आणि पाणी बापाच्या हाती असले, तरी छाती तपासणारा कान डॉक्टरचाच होता. मुलगा बरा झाल्यावरही यश कशाचे, ईश्वरकृपेचे की पाण्याचे की शुश्रूषेचे, हे आपल्याला ठरवता येत नाही, असेच त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. आपल्या उपचाराविषयी इतका प्रांजळपणा दाखवणारे विरळाच.

१९०४ साली जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुप्फुसाचा प्लेग आला. एका रिकाम्या गोदामात २३ रुग्ण ठेवले होते. डॉक्टरांच्या परवानगीने गांधीजींनी तिघांच्या डोक्यावर आणि छातीवर मातीच्या पट्ट्या ठेवल्या. त्यांतले दोघे वाचले. बाकीचे वीसही जण गेले. तीन रोग्यांवरून सिद्धांत उभा राहत नाही, हे शास्त्र शिकणारा कोणीही सांगेल. पण गांधीजींचा मातीवरचा विश्वास मात्र दृढ झाला. असाच हट्ट त्यांनी देवीच्या लशीबाबतही धरला होता आणि तिथे ते चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले, ते त्या लशीमुळेच.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांना आव झाली. औषध घेईनात. अगदी शेवट जवळ आल्यासारखे झाले. केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ त्यांच्या अंगावर बर्फाचे प्रयोग करून गेले. त्यांना बर्फ डॉक्टर असेच नाव पडले होते. शेवटी मुंबईच्या डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला. दूध न घेण्याचे व्रत आडवे आले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली. नवऱ्याला जिवंत ठेवण्याची ही युक्ती कोणत्याही वैद्यकात मोडत नसेल, पण तिनेच काम केले.

त्याच कस्तुरबांचा शेवट मात्र मला अस्वस्थ करतो. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या अखेरच्या दुखण्यात होत्या. सहबंदी डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर होते, वैद्य शिव शर्मा आले, निसर्गोपचाराचे डॉ. दिनशा मेहताही आले. देवदास यांनी मोठ्या खटपटीने पेनिसिलिन मिळवले. दर काही तासांनी सुया टोचाव्या लागणार हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना परावृत्त केले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. त्या औषधाने वाचल्या असत्या असे म्हणवत नाही. देह फार थकला होता. तरीही वीस वर्षांपूर्वी, याच पुण्यात, सुरीखाली स्वतः झोपलेला माणूस आठवल्यावाचून राहत नाही.

सुटकेनंतर डॉ. मेहतांच्या ताडीवाला रस्त्यावरील चिकित्सालयात त्यांचा मुक्काम होऊ लागला. तेथेच गरिबांसाठी संस्था काढावी असे ठरत होते. पण शहरातल्या चिकित्सालयात खेड्यातला गरीब पोचणार कसा, हे ध्यानात येताच त्यांनी बेत बदलला आणि २२ मार्च १९४६ रोजी ते सोलापूरच्या लोहमार्गावरील उरुळीकांचन येथे उतरले. रोग्यांना चिठ्ठी जवळपास एकच मिळे: रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, घर्षणस्नान, दूध, ताक, फळे आणि भरपूर पाणी. फळे आणि दूध त्या रोग्यांना परवडणार कुठून, हाही प्रश्न तिथेच उभा राहिला. ३० मार्चला गांधीजी गेले ते पुन्हा राहायला येऊ शकले नाहीत. मागे राहिलेल्या मणिभाई देसाई या तरुणाने आश्रम तर चालवलाच. शिवाय गाई आणि शेती यांच्या मागे लागून १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभारली. रोग्याला लिहून दिलेले दूध आधी गोठ्यात तयार व्हावे लागते, हे त्यांना उरुळीतच उमगले असावे.