अबूकीरचा प्लग

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पाने-पकडी आल्या. वडिलांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान भवानी पेठेत आहे. शाळा सुटली की मी तिथे अभ्यासाला बसे. अभ्यास थोडा आणि प्लग घासणे जास्त, असे चाले. इंजिनात ठिणगी पाडतो तो प्लग. त्याच्या टोकावर काजळी धरली किंवा तेल चढले की ठिणगी पडत नाही, आणि ठिणगी नाही तर लाखाची गाडीही जागची हलत नाही. म्हणून स्कूटरच्या डिकीत एक जादा प्लग व तो खोलायचा पाना असल्याखेरीज वडील मला कॉलेजला निघू देत नाहीत. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

गेल्या वर्षी ग्रंथालयात जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. यांचे चरित्र हाती लागले. त्यात एका प्लगची हकिकत आहे. ती वाचल्यापासून हे लिहायचे मनात होते.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. बालपणाचा बराच काळ फ्रान्समध्ये गेला. आर्देलो या समुद्रकाठच्या गावी त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरियो. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ते हेच, सन १९०९. वाळूवर उतरणारी विमाने पाहून या मुलाने आपणही उडायचे असे ठरवून टाकले. पुढे केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हायचे होते. पण १९२५ मध्ये वडिलांनी कामासाठी हिंदुस्थानात बोलावून घेतले आणि दुसऱ्याच वर्षी ते वारले. बाविसाव्या वर्षी घरचा भार अंगावर आला. विद्यापीठ राहिले ते कायमचेच. एवढा मोठा उद्योगपती, पण पदवी नसल्याची खंत त्यांना अखेरपर्यंत होती. हजेरीपुरते वर्गात डोकावणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून क्षणभर थांबायला हरकत नाही.

तरुणपणी त्यांना वेगाचे वेड होते. त्यांच्याजवळ बुगाटी ही फ्रेंच शर्यतीची मोटार होती आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ती ते बेफाम हाकत. याच पायी एकदा खटल्याची वेळ आली, तेव्हा ते जॅक विकाजी या नामांकित वकिलांकडे गेले. तिथे त्यांच्या पुतणीशी, थेल्माशी ओळख झाली आणि १९३० च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. त्याआधीच, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, वैमानिकाचा परवाना त्यांच्या हाती पडला होता. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिलाच परवाना.

मग ती शर्यत आली. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. सुरुवात कोणत्याही टोकाकडून करावी, वेळ ठरावीक. उतरलेले सगळे हौशी गडी. मे १९३० मध्ये जे. आर. डी. आपले जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले. अ‍ॅस्पी इंजिनिअर हा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा उलट बाजूने, इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबूकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. पाहतात तो अ‍ॅस्पी अडकून पडलेला. त्याच्या इंजिनाला प्लग हवा होता आणि जवळ जादा प्लग नव्हता. जे. आर. डीं.जवळ होता. त्यांनी तो काढून दिला.

पुढे काय झाले? अ‍ॅस्पी काही तास आधी कराचीला पोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. जे. आर. डी. हरले. त्यांनी या हरण्याचे कधी दुःख केले नाही. तो मुलगा हवाई दलात गेला आणि १९६० साली देशाचा हवाई दलप्रमुख झाला.

आता माझी हकिकत. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी आमच्या कॉलेजातून एकीचीच निवड व्हायची होती. खरी चुरस माझ्यात आणि माझ्या एका वर्गमैत्रिणीत होती. चाचणीच्या दिवशी सकाळी टिळक रस्त्यावर ती स्कूटरपाशी उभी दिसली. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हते. आवाजावरून मला कळले, बहुतेक प्लगच गेला असणार. पाच मिनिटांचे काम. डिकीत प्लग होता, पाना होता. तिने मला पाहिले नाही. मी गाडी पुढे काढली.

ती आली तेव्हा चाचणी संपली होती. निवड माझी झाली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मला काहीच मिळाले नाही. पण मिळाले असते तरी ते घरी कोणत्या तोंडाने दाखवले असते, कोण जाणे. वडिलांना मी अजून सांगितलेले नाही. त्यांच्या दुकानासमोर कुणाची गाडी बंद पडली, तर हातातले काम टाकून ते आधी तिकडे जातात.

जे. आर. डीं.चे पुढचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला विमान आणले आणि देशातल्या हवाई वाहतुकीची सुरुवात झाली. चौतिसाव्या वर्षी ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात आपल्या पुण्याजवळ टेल्कोचा कारखाना उभा राहिला आणि कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकदा करून दाखवले. १९९२ साली भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हाला त्यांचे निधन झाले. कारखाने, विमाने, मानसन्मान, सगळे थोरच. पण माझ्या मनात घर केले आहे ते अबूकीरच्या त्या एका प्लगने. तिथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हते. न देता पुढे गेले असते, तर कुणी विचारलेही नसते.

माझी ती वर्गमैत्रीण हा अंक वाचीलच. वर्षभर एका बाकावर बसूनही जे तोंडाने सांगता आले नाही, ते इथे लिहिले आहे. डिकीत आता मी दोन प्लग ठेवते.