अलिबागहून फिलाडेल्फियापर्यंत : डॉ. आनंदीबाई जोशी

अलिबाग म्हटले की ओहोटीला पायी गाठता येणारा कुलाबा किल्ला डोळ्यांपुढे येतो. याच गावी पोस्टातील नोकरीनिमित्त बदलून आलेल्या गोपाळराव जोशी यांच्या घरी एका बालवधूच्या आरंभीच्या अभ्यासाचा काही काळ गेला, हे मात्र फारसे कुणास आठवत नाही. कल्याणच्या या यमुनेचा जन्म 31 मार्च 1865 चा. नवव्या वर्षी विवाह झाला आणि ती आनंदी झाली. गोपाळरावांनी तिला हट्टाने शिकविले, प्रसंगी निर्दयपणे मारलेही. त्यांच्या थोरवीबरोबर हेही सांगितले पाहिजे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. योग्य उपचारांअभावी तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळी पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे सांगण्यास स्त्रिया संकोचत आणि स्त्री डॉक्टर तर अत्यंत विरळ होत्या. त्यामुळे कितीतरी बाळंतिणी उपचारांवाचून राहत. हे दुःख आनंदीबाईंनी स्वतःपुरते ठेवले नाही. 1883 साली श्रीरामपूर येथील जाहीर सभेत त्यांनी परदेशी जाण्याची कारणे निर्भयपणे मांडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पतीला मागे ठेवून, त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली याही शिकत होत्या. तेथील कडाक्याच्या थंडीत साडी आणि शाकाहार सांभाळताना प्रकृती ढासळत गेली, तरी अभ्यास सुटला नाही. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या वेदनेतून त्या निघाल्या होत्या, तिच्याकडेच त्या विद्यार्थिनी म्हणून परतल्या, असे मला वाटते. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांच्या स्वाधीन व्हावयाचा होता. परंतु 1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्यांच्यासाठी त्या शिकल्या, त्या कोल्हापूरच्या स्त्रियांपैकी एकीचीही नाडी त्यांच्या हाती आली नाही. त्यांचा रक्षाकलश अमेरिकेत, त्यांना मायेने सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आला. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, आनंदीबाईंचे स्मारक आहे.