भिंगऱ्यांच्या शोधात

पावसाळा सरून आश्विन महिना लागला, की गावाबाहेरच्या तारांवर काळसर निळ्या पाठीचे लहानसे पक्षी ओळीने बसलेले दिसू लागतात. त्यांचा गळा तांबूस असतो आणि शेपटी मधोमध दुभंगलेली असते. तारेवरून सुटावे, हवेत गिरकी घ्यावी, उडता उडताच किडे टिपावेत आणि पुन्हा तारेवर येऊन बसावे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. हीच माळभिंगरी होय. थंडीचे दिवस आपल्याकडे काढून उन्हाळ्याच्या तोंडाशी ती उत्तरेकडे निघून जाते. भिंगरी ही हिवाळ्याची पाहुणी आहे, हे आज शाळेतील मुलेही सांगतील.

इंग्लंडातील लोकांना मात्र हाच पक्षी उलट्या ऋतूत दिसतो. तेथे तो वसंतात येतो, घराच्या आढ्याखाली मातीचे घरटे बांधतो, पिले वाढवितो आणि थंडीची चाहूल लागताच नाहीसा होतो. मग हिवाळ्याचे चार-पाच महिने तो असतो कोठे? अडीचशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे निश्चित उत्तर कोणापाशीच नव्हते. भिंगऱ्या दूरदेशी जातात, असे काही विद्वान म्हणत. त्या तळ्याच्या तळाशी गाळात झोपून राहतात, असे इतर सांगत. स्वीडनचे विख्यात शास्त्रज्ञ लिनियस यांनीही तसेच लिहून ठेवले होते. आज आपणांस याचे हसू येते. पण मूठभर वजनही नसलेला पक्षी समुद्र ओलांडून जातो, ही गोष्ट त्या काळी कमी नवलाची वाटत नव्हती!

या कोड्याचा ध्यास ज्यांनी जन्मभर घेतला, ते गिल्बर्ट व्हाइट १८ जुलै १७२० रोजी सेलबॉर्न या खेड्यात जन्मले. हे खेडे लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरांवर, हॅम्पशर परगण्यात आहे. गावाच्या पाठीशी खडूच्या दगडाची टेकडी असून तिच्या उतारावर बीच वृक्षांचे दाट रान आहे. गावकरी त्या रानाला हँगर म्हणत. गिल्बर्टचे आजोबा गावचे धर्मगुरू होते. पुढे गिल्बर्टनेही ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन धर्मोपदेशकाचा पेशा पत्करला. परंतु दूरच्या गावी मोठ्या पगाराची जागा मिळविण्याची त्यास हौस नव्हती. आपले गाव, आपली बाग आणि टेकडीवरचे ते रान सोडून जाणे त्यांच्या जिवावर येई. शिवाय घोडागाडीत बसले की त्यांना मळमळू लागे, हेही एक कारण होतेच. ते अविवाहित राहिले आणि आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी सेलबॉर्नमध्येच घालविली.

एकाच खेड्यात राहून मनुष्य काय पाहणार, असे कोणासही वाटेल. व्हाइट रोज पाहत आणि पाहिलेले लिहून ठेवीत. १७५१ साली त्यांनी बागेची रोजनिशी सुरू केली. १७६८ पासून छापील रकाने असलेल्या वहीत ते वारा, पाऊस, थंडी, कोणते फूल केव्हा उमलले, कोणता पक्षी प्रथम केव्हा दिसला आणि शेवटी केव्हा दिसला, यांच्या नोंदी करू लागले. ही वही त्यांनी पंचवीस वर्षे चालविली. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुधा पक्षी मारून त्याचे कातडे पेंढा भरून ठेवणे, असे समजले जाई. व्हाइटसुद्धा प्रसंगी बंदूक वापरीत. पण जिवंत पक्षी काय करतो, कसा बोलतो, याकडे त्यांचे अधिक ध्यान असे. पर्णवटवट्या हा हिरवट रंगाचा, झाडाच्या पानांत लपणारा चिमुकला पक्षी. इंग्लंडात त्याच्या तीन निराळ्या जाती आहेत, हे व्हाइट यांनी ओळखले. तिघांचे रूप जवळजवळ सारखेच; मग भेद कळला कसा? त्यांच्या गाण्यावरून!

हिवाळ्यातही त्यांचे पाहणे थांबत नसे. बर्फ साचले म्हणजे रामगंगा पक्षी गवताने शाकारलेल्या छपराच्या कडेला उलटा लोंबकळतो आणि एकेक काडी उपसून आत दडलेल्या माश्या खातो, हे त्यांनी टिपून ठेवले. नाताळच्या सुमारास शेतांत चाफिंच नावाच्या पक्ष्यांचे मोठमोठे थवे उतरत. त्या थव्यांत जवळजवळ साऱ्या माद्याच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. मग नर गेले कोठे? आणि एवढ्या माद्या आल्या कोठून? १७८४ च्या डिसेंबरात तर इतकी कडाक्याची थंडी पडली, की त्यांच्या एका तापमापकातील पारा पार तळाशी जाऊन बसला व तो तापमापक निरुपयोगी झाला. दुसऱ्याने शून्याखाली १८ अंश सेल्सिअस एवढी थंडी दाखविली. अशा दिवसांत हवेत उडणारा एक किडा दिसेल तर शपथ! आणि भिंगरीचे तर सारे पोट उडत्या किड्यांवर अवलंबून. तेव्हा ती जिवंत राहते ती कशी, हा प्रश्न थंडीबरोबर दरसाल नव्याने त्यांच्यापुढे उभा राही.

व्हाइट यांचा पत्रव्यवहार मुख्यत्वे दोन विद्वानांशी चाले. त्यांपैकी थॉमस पेनंट यांचा कल पक्षी देशांतर करतात या मताकडे होता. डेन्स बॅरिंग्टन यांना ते मत मुळीच मान्य नव्हते. दोघांच्या मध्ये व्हाइट! त्यांचे बंधू जॉन हे स्पेनच्या दक्षिण टोकाला जिब्राल्टर येथे धर्मोपदेशक होते. तेथील सामुद्रधुनीवरून भिंगऱ्यांचे अगणित थवे एका ऋतूत आफ्रिकेकडे जातात व दुसऱ्या ऋतूत परत येतात, असे त्यांनी भावाला कळविले. सख्ख्या भावाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी कशी म्हणावी? काही भिंगऱ्या दूर जातात, हे व्हाइट यांनी मान्य केले. पण सगळ्याच जातात, असे मानण्यास त्यांचे मन तयार होईना.

त्यालाही कारण होते. भिंगऱ्या दिसेनाशा होऊन कित्येक दिवस लोटले, की नोव्हेंबरातील एखाद्या उबदार दिवशी एकदोन भिंगऱ्या अचानक नजरेस पडत. काही पिले तर थंडी अगदी तोंडावर आली असता घरट्याबाहेर पडत. इतक्या कोवळ्या पंखांनी ती समुद्रापार कशी जाणार? शिवाय त्यांच्या आत्याच्या घरी टिमथी नावाचे एक कासव होते. नोव्हेंबर आला, की ते जमिनीत खड्डा करून स्वतःस पुरून घेई आणि एप्रिलात पुन्हा वर येई. आत्या वारल्यावर १७८० साली व्हाइट त्याला जमिनीतून उकरून घोडागाडीतून सेलबॉर्नला घेऊन आले. कासव झोपते, वटवाघूळ झोपते, मग भिंगरीच का झोपणार नाही?

तर्क ठीक होता. पण व्हाइट तर्कावर थांबणारे नव्हते. झोपलेली भिंगरी पाहिलेला माणूस त्यांना हवा होता. अशा गोष्टी सांगणारे लोक पुष्कळ भेटत. एका सद्गृहस्थाने सांगितले, की आपल्या लहानपणी समुद्रकाठचा खडूचा कडा हिवाळ्यातील वादळात कोसळला व त्या ढिगाऱ्यात लोकांना भिंगऱ्या सापडल्या. व्हाइट यांनी विचारले, की त्या आपण स्वतः पाहिल्या काय? नाही, इतरांनी पाहिल्याचे ऐकले, असे उत्तर आले. त्यांची फार निराशा झाली. ही हकीकत त्यांना हव्या असलेल्या मताचीच होती, तरी ती जशी घडली तशीच, आपल्या निराशेसह, त्यांनी लिहून ठेवली. हे करणे वाटते तितके सोपे नाही.

अखेर १७८१ च्या वसंतारंभी त्यांनी स्वतःच शोध घेण्याचे ठरविले. शरद ऋतूत भिंगऱ्या हँगरच्या ज्या टोकाशी अखेरच्या दिसत, तेथे त्यांनी मजूर लावले. झुडपांच्या मुळ्या उकरल्या, ढोली व भोके तपासली. एकही पक्षी मिळाला नाही. आणि गंमत अशी, की हे खोदकाम चालू असतानाच त्या वर्षीची पहिली भिंगरी सर्वांच्या डोळ्यांदेखत आकाशातून आली, आपल्या जुन्या घरट्यात क्षणभर शिरली व पुन्हा उडून गेली! माणसे जमीन उकरीत होती आणि पक्षी वरून आला. तरीही व्हाइट यांचा संशय पुरता फिटला नाही. एका ठिकाणी न सापडल्याने दुसऱ्या ठिकाणीही नसेल, असे कसे म्हणावे, हा त्यांचा विचार. येथे ते चुकले, हे आज आपणांस ठाऊक आहे.

त्यांच्या पत्रांचे पुस्तक, द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबॉर्न, या नावाने १७८९ साली निघाले. दुसरे बंधू बेंजामिन हे लंडनमध्ये ग्रंथप्रकाशक होते. त्यांनीच ते छापले. त्या वेळी व्हाइट यांच्या वयाची अडुसष्ट वर्षे उलटून गेली होती. एका खेड्याविषयीच्या या पुस्तकाच्या पुढे दोनशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या. भिंगऱ्यांच्या प्रश्नाचे अखेरचे उत्तर मात्र त्यात नाही. जे पाहिले ते आहे, आणि जे कळले नाही तेही आहे.

२६ जून १७९३ रोजी व्हाइट वारले. मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत त्यांची वही चालू होती. सेलबॉर्नच्या चर्चजवळ त्यांची साधी समाधी असून दगडावर नावाची दोन आद्याक्षरे व मृत्यूची तारीख एवढेच कोरलेले आहे. टिमथी कासव त्यांच्यामागे सुमारे एक वर्ष जगले. त्याची पाठ लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. त्या पाठीच्या तपासणीवरून टिमथी ही मादी होती, असे पुढे उघड झाले. इतक्या वर्षांत हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते!

यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. पक्ष्याच्या पायात क्रमांक व पत्ता कोरलेली हलकी कडी घालून त्याला सोडून देण्याची नवी रीत विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात सुरू झाली. मे १९११ मध्ये स्टॅफर्डशर परगण्यातील एका घराजवळ एका भिंगरीच्या पायात अशी कडी घालण्यात आली. पुढे १९१२ च्या डिसेंबर महिन्यात, म्हणजे सेलबॉर्नमध्ये छपरांवर गोठण पडते त्या दिवसांत, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात एका शेतावरच्या घरात एक भिंगरी पकडली गेली. तेथे तेव्हा ऐन उन्हाळा होता. तिच्या पायात कडी होती. कडीवरच्या पत्त्यावर आफ्रिकेतून पत्र निघाले आणि समुद्रमार्गाने लंडनला येऊन पोचले.