लाखेला पर्याय शोधणारे बेकलंड

जुन्या घरातलं विजेचं काळं बटण आठवतं? ते बेकेलाइटचं. हा पदार्थ शोधणारे लिओ बेकलंड १८६३ साली बेल्जियममधील गेंट शहरात जन्मले. वडील जोडे शिवायचे. पोरगं एकविसाव्या वर्षी रसायनशास्त्रात डॉक्टर झालं. पुढे अमेरिकेत त्यांनी फोटोच्या कागदाचा शोध १८९९ मध्ये ईस्टमन यांना विकला. पैसा हाती आला तसा न्यूयॉर्कजवळ योंकर्सला घरीच प्रयोगशाळा थाटली.

विजेच्या तारांवर तेव्हा लाखेचा लेप लागे. ही लाख किड्यांची, पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरची, आणि जायची मुख्यतः आपल्या देशातून. मागणी वाढत होती, किडे आपल्याच गतीने काम करत होते!

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवलं की भांड्याला चिकटलेला टणक गोळा होई. आधीच्यांनी तो निकामी ठरवला. बेकलंड यांनी उष्णता नि दाब कमी-जास्त करत नोंदी ठेवल्या. १९०७ मध्ये जमलं. साच्यात घालावं तसा आकार घेणारा, पुन्हा न वितळणारा, वीज अडवणारा पदार्थ तयार झाला.

लाख वेचणाऱ्यांचं बरंच गिऱ्हाईक पुढे कृत्रिम राळांनी पळवलं. बेकलंड १९४४ मध्ये वारले. औषधी गोळ्यांच्या नि फळांच्या चकाकीसाठी लाख मात्र आजही लागते.