फुटूनही न विखुरणारी काच

नवी गाडी घेताना आज हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'सनरूफ आहे का?' पूर्वी छतात एक छोटीशी चौकट असे. आता पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत पसरलेले अख्खे काचेचे छत मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळू लागले आहे. मुलांना त्यातून ढग दिसतात, घाटात डोंगरमाथे दिसतात. पण डोक्यावरची ही काच फुटली तर तिचे काय होईल, आणि आपले काय होईल, हे फारसे कुणी विचारत नाही. या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका चित्रकाराच्या प्रयोगशाळेत झाली होती. एदुआर बेनेडिक्टस हे त्यांचे नाव.

बेनेडिक्टस यांचा जन्म 1878 साली पॅरिसमध्ये झाला. एकाच माणसात किती माणसे असावीत, याचे ते उदाहरण होते. ते चित्रे काढत, कापडांसाठी आणि गालिच्यांसाठी नक्षी तयार करत, लिहीत, संगीतात रमत आणि रसायनशास्त्राचे प्रयोगही करत. संगीतकार मॉरिस राव्हेल यांच्याभोवती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कवी, चित्रकार आणि वादकांचा जो गट जमला होता, त्यात बेनेडिक्टसही होते. हा गट स्वतःला गमतीने 'आपाश', म्हणजे गुंड, म्हणवून घेत असे.

त्या काळी पॅरिसच्या रस्त्यांवर मोटारी नुकत्याच धावू लागल्या होत्या. वाऱ्यापासून आणि धुळीपासून बचाव व्हावा म्हणून चालकासमोर काच बसवली जाऊ लागली. ही काच घराच्या खिडकीला असते तशीच साधी होती. गाडी कशावर आदळली की ती फुटून लांब, धारदार तुकडे होत. धक्क्याने पुढे फेकलेल्या माणसाचा चेहरा, डोळे आणि गळा थेट त्या तुकड्यांवर जाई. गळ्याची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर काही मिनिटांत जीव जातो. त्यामुळे गाडीचा वेग फार नसतानाही काच प्राणघातक ठरत असे.

बेनेडिक्टस यांच्या शोधाची हकिकत अशी सांगितली जाते. साधारण 1903 साली प्रयोगशाळेत काम करताना वरच्या फळीवरचा काचेचा एक चंबू त्यांच्या हातून खाली पडला. चंबूला असंख्य तडे गेले, पण तो विखुरला नाही. सगळे तुकडे आपापल्या जागी चिकटून राहिले. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण ठेवलेले होते. त्यातला द्रव उडून गेला होता आणि आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा उरला होता. त्याच पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. पुढे मोटार अपघातांत काचेने जखमी झालेल्यांच्या बातम्या वाचताना त्यांना हा चंबू आठवला, असेही सांगतात.

त्या द्रावणाचे, म्हणजे कोलोडियनचे, वैद्यकाशी जुने नाते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून डॉक्टर ते जखमेवर लावत. द्रव उडून गेला की त्वचेवर पातळ थर बसे आणि जखम बंद राही. माणसाची जखम झाकणारा हा पदार्थ आता जखम होऊच नये म्हणून उपयोगी पडणार होता.

चंबूचा योगायोग क्षणाचा होता, पण त्यातून वापरण्याजोगी काच घडवायला काही वर्षे गेली. बेनेडिक्टस यांनी काचेच्या दोन तावांमध्ये सेल्युलॉइडचा थर ठेवून ते एकत्र दाबून चिकटवले. 1909 मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. तीन थर म्हणून नाव ठेवले 'ट्रिप्लेक्स'. त्याच सुमारास इंग्लंडमध्येही दोन काचा चिकटवण्याचे प्रयत्न झाले होते. टिकाऊ उद्योग मात्र ट्रिप्लेक्सच्या रूपाने उभा राहिला. फ्रान्सपाठोपाठ इंग्लंडमध्येही तिचे उत्पादन सुरू झाले.

मोटार कारखानदारांनी सुरुवातीला या काचेकडे पाठ फिरवली. ती महाग होती आणि अपघात झालाच तर तो चालकाचा दोष, असे मानण्याचा तो काळ होता. मग पहिले महायुद्ध आले. विषारी वायूपासून संरक्षण देणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसमोरच्या काचा फुटून चालणार नव्हत्या. तिथे ट्रिप्लेक्स कामी आली. युद्धानंतर मोटारींची संख्या आणि वेग दोन्ही वाढले, तेव्हा कारखानदारही वळले. 1927 च्या अखेरीस बाजारात आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीला समोर सुरक्षित काच होती. चैनीची वस्तू समजली जाणारी ही काच आता सामान्य ग्राहकाच्या गाडीत पोहोचली.

बेनेडिक्टस मात्र कारखान्यात अडकले नाहीत. 1920 च्या दशकात त्यांनी रंगीत नक्षींचे संग्रह प्रसिद्ध केले. फुले, पाने आणि भौमितिक आकार यांच्या ठळक रंगांतल्या त्या रचना आजही 'आर्ट डेको' शैलीचे उत्तम नमुने मानल्या जातात. जानेवारी 1930 मध्ये, वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. कलेच्या इतिहासात त्यांचे नाव नक्षीकार म्हणून येते आणि मोटारींच्या इतिहासात काचवाले म्हणून.

त्यांच्या काचेत एक उणीव होती. सेल्युलॉइडचा थर उन्हाने पिवळा पडत असे आणि काही वर्षांत समोरचे धूसर दिसू लागे. 1930 च्या दशकात त्याची जागा आधी दुसऱ्या सेल्युलोज संयुगाने आणि मग पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लॅस्टिकने घेतली. हा थर रबरासारखा ताणला जातो. डोके काचेवर आदळले तर काच तडकते, थर ताणला जाऊन धक्क्यातली ऊर्जा शोषतो आणि माणूस गाडीबाहेर फेकला जात नाही. अपघातात गाडीबाहेर फेकले जाणे हे मृत्यूचे एक मोठे कारण आहे, हे लक्षात घेतले तर या पातळ थराचे मोल कळते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरणही हा थर बहुतांशी अडवतो. पदार्थ बदलला, पण दोन काचांमध्ये एक चिवट थर ही बेनेडिक्टस यांची कल्पना तशीच राहिली. आजची 'लॅमिनेटेड' काच ती हीच. भारतातही 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीची समोरची काच लॅमिनेटेड असावी लागते.

छताची गोष्ट इथेच वेगळी होते. गाड्यांमध्ये दुसऱ्या प्रकारची सुरक्षित काचही वापरतात. तिला 'टेम्पर्ड' किंवा 'टफन्ड' म्हणतात. तापवलेली काच झपाट्याने थंड करून ती बनवतात. फ्रान्समधल्याच द ला बास्ती यांनी 1874 मध्ये तापलेली काच तेलात बुडवून हा गुण मिळवला होता. या काचेचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली असतो. त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण एकदा का तडा आतल्या भागापर्यंत गेला की साठलेला ताण क्षणात मोकळा होतो आणि सगळी काच खडीसाखरेसारख्या बारीक, बोथट तुकड्यांत कोसळते. असे तुकडे गळा कापत नाहीत, मात्र डोळ्यात गेल्यास इजा करतात. शिवाय जिथे काच होती तिथे आता मोठे भोक उरते.

काचेच्या छतांसाठी काही गाड्यांत लॅमिनेटेड तर काही गाड्यांत टेम्पर्ड काच वापरतात. टेम्पर्ड छत कधी कधी काहीही न आदळता, मोठा आवाज होऊन फुटते. आधी लागलेल्या खड्याची बारीक चीर हे त्याचे एक कारण असू शकते. काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला असेल तर तो हळूहळू प्रसरण पावूनही काच फोडू शकतो. काच जितकी मोठी, तितकी अशा दोषाला जागा अधिक. गाडी उलटली तर टेम्पर्ड छत फुटून मोकळे होण्याचा आणि पट्टा न लावलेला प्रवासी तिथून बाहेर फेकला जाण्याचा धोका असतो. छताखालचा कापडी पडदा काचेचे कण थोडे अडवतो, माणसाला अडवू शकत नाही.

म्हणून गाडी घेताना छताची काच कोणती, हे विचारून घ्यावे. काचेच्या कोपऱ्यातल्या छापील मजकुरात किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात ते बहुतेकदा सापडते. लॅमिनेटेड काचेचीही एक मर्यादा आहे. गाडी पाण्यात पडली तर आपत्कालीन हातोडीने ती फोडता येत नाही. तेव्हा बाजूच्या कोणत्या खिडक्या टेम्पर्ड आहेत, हेही माहीत असावे. काचेवर चीर दिसली तर ती दुर्लक्षू नये. चालत्या गाडीत छत फुटले तर न गडबडता वेग कमी करून गाडी कडेला घ्यावी. डोळ्यात कण गेला असे वाटले तर डोळा चोळू किंवा दाबू नये, थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

मागच्या सीटवरही पट्टा लावावाच. मुलांना छतातून उभे राहू देण्याची हौस तर पूर्णपणे टाळावी. अचानक ब्रेक लागला तर छताची कड थेट मुलाच्या छातीवर किंवा गळ्यावर येते. अपघातात शरीर पुढे फेकले जाते आणि वाटेत येणारी कड किंवा धार जीव घेऊ शकते. बेनेडिक्टस यांनी समोरच्या काचेची धार काढून घेतली. पण छतातून बाहेर काढलेल्या मुलाला त्यांची काचही वाचवू शकत नाही. तिथे मोठ्यांनीच नाही म्हणायला हवे.