बापूदेव शास्त्री आणि चंद्रभूमीचा तोल

एकच सण दोन पंचांगांत दोन दिवशीं पडावा, हा प्रकार आपल्या देशांत अजूनहि संपलेला नाहीं. म्हणूनच ज्यांच्या विद्येचा पाया आमच्या ह्या नागपुरांत घातला गेला, त्या बापूदेव शास्त्री यांचें स्मरण करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शास्त्रीबोवांचा जन्म १८२१ सालीं पुण्यास झाला. नागपुरांत ढुंढिराज मिश्र यांजपाशीं त्यांनीं लीलावती व बीजगणित यांचें अध्ययन केलें. १८३८ सालीं विल्किन्सनसाहेबांची दृष्टि ह्या बुद्धिमान मुलावर पडली व त्यांनीं त्यास सिहोरच्या संस्कृत पाठशाळेंत नेलें. १८४२ पासून काशीची पाठशाळा हीच त्यांची कर्मभूमि झाली. १८६१ सालीं त्यांचें सूर्यसिद्धान्ताचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. पदव्याहि पुष्कळ मिळाल्या. परंतु त्यांचें खरें धाडस निराळेंच.

जुन्या सिद्धान्तांत भूमि स्थिर, आणि चंद्र तिजभोंवतीं फिरणारा. वस्तुतः चंद्र भूमीस ओढतो आणि भूमि चंद्रास. दोघेंहि आपल्या समाईक गुरुत्वमध्याभोंवतीं फिरतात. भूमि चंद्राच्या ८१ पट जड असल्यामुळें तो मध्य भूमीच्या केंद्रापासून सुमारें ४,६७० किलोमीटरांवर, म्हणजे भूमीच्या पोटांतच राहतो. ह्या डोलण्यानें आपणांस सूर्यहि दरमहा सुमारें ६ विकला मागें-पुढें झालेला दिसतो. हें अंतर अल्प खरें. पण सूर्याच्या ओढीनें चंद्राच्या गतींत पडणारा फरक अल्प नव्हे. अष्टमीच्या सुमारास तो अडीच अंशांपर्यंत जातो, आणि तिथि कित्येक घटका सरकते. तिथि ५४ घटकांहून लहान व ६५ हून मोठी नसावी, असा जुन्या गणिताचा दंडक. प्रत्यक्ष आकाशांत ती ५० पासून ६७ घटकांपर्यंत असूं शकते!

शास्त्रीबोवांनीं इंग्रजी नाविक पंचांगावरून, म्हणजे परस्पराकर्षण हिशेबांत धरणाऱ्या गणितावरून, काशीसारख्या क्षेत्रीं पंचांग काढण्यास आरंभ केला. ग्रहण मात्र नव्या गणितानें घ्यावें, आणि एकादशी जुन्याच गणितानें करावी, असें म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतों: ग्रहणाचा चंद्र व एकादशीचा चंद्र हे दोन आहेत काय? शास्त्रीबोवा परकी विद्येपुढें लोटांगण घालणारे नव्हते. भास्कराचार्यांस चलनकलनाचें तत्त्व अवगत होतें, हें विद्वानांपुढें १८५८ सालीं मांडणारे तेच.

१८९० सालीं ते निवर्तले. त्यांच्या शिक्षणास ज्या शहराचा हातभार लागला, त्या शहरांतील किती शाळांत त्यांचें नांव मुलांस ठाऊक आहे, हें शिक्षकांनींच सांगावें.